उजव्या टोकाच्या दोन कुप्या

शुक्रवार, २० जानेवारी १९५६. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. भोईवाड्याजवळच्या एका धर्मादाय इस्पितळात, ऑपरेशनच्या टेबलावर, कोंडीराम नावाच्या गिरणी कामगाराचं हृदय बंद पडलं.

मांडीत गोळी घेऊन तो तीन दिवस कुठंतरी लपून होता. जखम चिघळली तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून आणला. गोळी निघाली, टाके घालायला घेतले आणि भूल देणारे डॉक्टर एकदम म्हणाले, "नाडी लागत नाही."

इस्पितळाचा फार्मासिस्ट गुणाजी गमरे त्या वेळी योगायोगानं थिएटरातच होता. सलाइनच्या बाटल्या ठेवायला तो वर आला होता. एरवी अशा प्रसंगी खाली औषधालयात घंटा वाजायची आणि गमरे धावत जिना चढायचा. सर्जन डॉ. वागळ्यांनी दोन वर्षांपूर्वी तशी शिस्तच घालून दिली होती. हृदय थांबलं की सर्जनचे हात छातीत अडकतात. तेव्हा औषध कोणतं, किती, किती वाजता, हे पाहणारा एक माणूस वेगळा हवा. तो माणूस गमरे.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि खिशातली पेन्सिल काढली.

वागळ्यांनी बरगड्यांमधून चिरा दिला, हात आत घातला आणि बंद पडलेलं हृदय मुठीत धरून दाबायला सुरुवात केली. दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं.

"गमरे, ॲड्रिनलिन."

निकडीची पेटी हाताशीच होती. लाकडी, काचेच्या झाकणाची. आत कापसावर ॲड्रिनलिनच्या बारा कुप्या ओळीनं निजवलेल्या. उजेडानं औषध बिघडतं म्हणून त्यांच्या मानांवरून काळ्या कागदाची पट्टी. झाकणावरून पांढरा दोरा. दोऱ्याचं एक टोक ओढलं की गाठ सुटावी अशी गमरे ती बांधायचा. त्यानं टोक ओढलं. गाठ सुटली नाही. पुन्हा ओढलं. शेवटी कात्रीनं दोरा कापला.

डावीकडची पहिली कुपी. मानेवर कानशीचा एक ओरखडा, अंगठ्याचा दाब, टक. सुई आत, औषध वर, सिरिंज वागळ्यांच्या हातात. सुई थेट हृदयात गेली.

काही झालं नाही.

दुसरी कुपी. काही झालं नाही.

खिडकीबाहेर, लालबागच्या दिशेला, बार वाजले. सोमवारपासून गिरणगावात हाच आवाज होता. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा, मग धावपळ, मग बार, मग रुग्णवाहिका. थिएटरात कुणी मान वळवली नाही.

"हे घ्या. भरलेलं आहे."

थिएटरच्या सिस्टर ललिता सामंत धापा टाकत दारातून आत आल्या होत्या. हातात भरलेली सिरिंज. गमरेला राग आला; इथं औषध भरायचं काम त्याचं, दुसऱ्या कुणाचं नाही. पण वागळ्यांनी हात पुढं केला होता. सुई आत गेली.

मिनिटाच्या आत वागळ्यांच्या मुठीत काहीतरी फडफडलं.

"आलं," ते म्हणाले.

गमरेनं वेळ लिहिली.

दुपारी साडेबारा. औषधालयात दार लोटून गमरे मोजदादीला बसला. प्रसंग संपला की फुटलेल्या कुप्या आणि त्यांची मोडलेली टोकं ट्रेमध्ये जमा करायची, कागदावरच्या वेळांशी ताडून पाहायची आणि मगच फेकायची. हा त्याचा नेम होता आणि इस्पितळात त्याची चेष्टाही होई. गमरे मेला तर वर जाऊन आधी यमाचे दूत मोजील, असं वॉर्डातल्या आया म्हणायच्या. हसण्यामागं भीतीही होती. गेल्या दिवाळीत मॉर्फियाची एक कुपी मोजणीत कमी भरली आणि राधाबाई नावाच्या आयाची नोकरी गेली. कुपी पुढं सापडलीच नाही. राधाबाईही पुन्हा दिसली नाही.

कागदावर त्याचंच अक्षर होतं.

११.१० नाडी बंद.
११.११ पेटी उघडली. छाती उघडली.
११.१२ ॲड्रिनलिन, पहिली.
११.१३ सिस्टर बाहेर.
११.१४ दुसरी.
११.१७ सिस्टर आत. वॉर्डातल्या दोन कुप्या. एक भरून आणलेली. तिसरी दिली.
११.१८ हृदय सुरू.

वेळा बरोबर होत्या. त्यानं ट्रेमधली दोन मोडकी टोकं बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडं केली. आणि त्याचा हात तिथंच थांबला.

कारखान्यातून येणाऱ्या कुपीचं टोक गोल असतं, मोत्यासारखं. यंत्र ते तसं बंद करतं. ही टोकं तशी नव्हती. काच ज्योतीवर मऊ करून हातानं ओढली की जशी बारीक शेपटी निघते, तशी त्यांना शेपटी होती.

ही शेपटी तो झोपेतही ओळखला असता. औषधालयाच्या मागच्या खोलीत इस्पितळ स्वतःचं शुद्ध पाणी उकळून काढायचं आणि एकेक सी.सी.च्या कुप्यांत बंद करायचं. वॉर्डात मॉर्फियाची गोळी विरघळवायला ते लागे. बंद करायचं काम वीस वर्षं एकच माणूस करत होता. कुशाबा. गमरेला काच ओढायला त्यानंच शिकवलं होतं.

गमरेनं फडताळातून फेरिक क्लोराइडचा पिवळा द्राव काढला. ॲड्रिनलिनचा थेंब त्यात पडला की हिरवा रंग येतो. पहिल्या फुटक्या कुपीच्या तळाशी थेंबभर उरलं होतं. त्यानं ते काचपट्टीवर घेतलं. पिवळं. दुसऱ्या कुपीतला थेंब. पिवळा. मग सिस्टरांनी आणलेल्या सिरिंजच्या सुईतून एक थेंब.

हिरवा.

म्हणजे बंद पडलेल्या हृदयात आपण पाणी सोडलं. एकदा नाही, दोनदा. आपल्या हातानं.

तो उठला आणि दाराला कडी घातली. का घातली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. या इस्पितळात त्याला माठातलं पाणी वरून ओतून देणारी माणसं होती; तीच माणसं त्याच्या हातचं औषध निमूट घेत. उद्या त्यांना सांगावं लागलं असतं की औषध म्हणून त्यानं दिलं ते पाणीच होतं.

मग भीतीच्या पाठीमागून दुसरी, अधिक मोठी भीती आली. पेटीत अजून दहा कुप्या होत्या. आणि चार वाजता वागळे रखमा नावाच्या बाईच्या खांद्यातली गोळी काढणार होते.

"किती खऱ्या, किती खोट्या?" वागळ्यांनी विचारलं. ते खुर्चीत बसलेही नव्हते.

"आठ खोट्या. टोकांवरून कळतं. उजव्या टोकाच्या दोन तेवढ्या खऱ्या."

"भांडारात?"

"ही पेटी शेवटची. सोमवारी सकाळी नवा खोका फोडला, बाराही कुप्या मी हातात घेऊन पाहिल्या, मग दोरा बांधला. नवा माल प्रिन्सेस स्ट्रीटवरून यायचा. संचारबंदीत कोण आणणार?"

"वॉर्डात?"

"ललिता सिस्टरांनी आणल्या त्या दोन शेवटच्या. त्यातली एक उरली आहे."

"आणि मोजणी?"

"काल संध्याकाळी केली. बारा भरल्या." गमरेनं क्षणभर खाली पाहिलं. "काचेच्या वरून मोजल्या. लेबलं दिसत होती. हात लावला नाही."

वागळे खिडकीपाशी गेले. खाली ओसरीवर एक इन्स्पेक्टर खुर्ची टाकून बसला होता. गोळी लागून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता तो वहीत उतरवून घेई. त्या वहीच्या धास्तीनंच कोंडीरामसारखी माणसं जखमा बांधून घरात पडून राहत.

"गमरे, हा माणूस उद्या दहा वाजता माझ्याकडून अहवाल नेणार आहे. ऑपरेशनच्या टेबलावर काय झालं, सगळं लिहून मागितलंय त्यानं. तोवर थांबेल असंही नाही. पाणी कुशाबाचं आहे. मी तेवढं सांगितलं तरी तो त्याला आत्ता उचलून नेईल आणि या दिवसांत आत गेलेला माणूस कधी बाहेर येतो, ते तुम्हाला माहीत आहे."

"पाणी कुशाबाचं आहे. काम त्याचं आहे असं नाही."

"मग चार वाजायच्या आत सांगा कुणाचं आहे. माझ्या दहा कुप्या कुठं आहेत, तेही. तीन कुप्यांवर मी त्या बाईचा जीव पणाला लावणार नाही. आणि गोळी आत ठेवून ती उद्याची सकाळ बघणार नाही."

जाता जाता गमरेनं एकच विचारलं. घंटा वाजल्यापासून आपण वर पोचेपर्यंत पहिली कुपी कोण फोडतं?

"कधी मी, कधी सिस्टर," वागळे म्हणाले. "हाताला लागेल ती उचलायची. तुमच्यासारखं जुनं आधी, नवं मागून, हे कोण बघतंय त्या वेळी?"

कुशाबा मागच्या खोलीत भट्टीजवळ बसला होता. पन्नाशी उलटलेला, मालवणकडचा, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग. गमरेनं खोट्या कुप्यांपैकी एक त्याच्यापुढं ठेवली आणि काय घडलं ते सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"बुधवारी तुम्ही किती कुप्या काढल्या?"

"चाळीस. वॉर्डात गेले तीस, थेटरात दहा."

"थिएटरात कुणी मागितल्या?"

"तेंका दर बुधवारी जातत. नवीन काय नाय."

"वरची पेटी तुम्ही उघडलीत?"

"माका थंय कोण जाऊक देता?" कुशाबानं कुपी उचलली, डोळ्यांजवळ नेली, नखानं लेबलाची कड खरवडली. मग हुंगली. "भाऊ, पाणी माझाच आसा. पण ह्यो कागद माझो नाय. माझ्याकडे डिंकाचा भांडा दिवसभर उघडा आसता. मी कांजी कित्याक वापरू?"

गमरेनं कुपी परत घेतली. लेबलाची सुटलेली कड पांढरट होती. त्यानं आयोडिनचा बोळा तिच्यावर टेकवला. कड निळी-काळी झाली. कांजीच. मग खऱ्या कुपीचं लेबल थोडं उचलून तेच केलं. डाग पिवळाच राहिला. औषधालयातला बाभळीचा डिंकही पिवळाच राहिला.

कुणीतरी खऱ्या कुप्यांची लेबलं कोमट पाण्यात सोडवून पाण्याच्या कुप्यांवर डकवली होती. त्या माणसाला डिंक मिळत नव्हता, कांजी मिळत होती.

"ह्या पोलिसांका सांगतलंस तर माका नेतले, होय मा?" कुशाबानं विचारलं.

गमरेनं कुपी खिशात घातली.

ललिता सिस्टर नर्सांच्या खोलीत होत्या. खिडकीच्या गजांना नुकत्याच धुतलेल्या टोप्या वाळत घातल्या होत्या. कांजीनं ताठ, कागदाच्या होड्यांसारख्या. परटाची गाडी सोमवारपासून आलीच नव्हती. सिस्टर तीस-बत्तीसच्या, लालबागला राहणाऱ्या, कामाला चोख. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. पण या आठवड्यात कुणाच्या डोळ्यांखाली नव्हतं?

गमरे दारातच उभा राहिला.

"कोंडीराम कसा आहे?"

"श्वास घेतोय. शुद्ध नाही. बायको बसलीये उशाशी, सुंदराबाई. एकसारखी त्याच्याशी बोलतेय."

"थिएटरच्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते, सिस्टर?"

"एक माझ्याकडं, एक डॉक्टरांकडं. का?"

"बुधवारी कपाट उघडलं होतंत?"

"रोजच उघडते. चिमटे, कात्र्या तिथंच असतात." त्यांनी एक टोपी गजावरून काढली आणि घडी घालायला घेतली. "काही कमी भरलं का?"

"नाही," गमरे म्हणाला. "सगळं बरोबर भरलं."

टोपीची घडी चुकली. त्यांनी ती पुन्हा घातली.

गमरे जिना उतरू लागला. डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी बसत होती आणि ती तशी बसू नये असं त्याला वाटत होतं. त्यानं कचऱ्याच्या डब्यातून सकाळचा कापलेला दोरा शोधून काढला. गाठ शाबूत होती. चपटी, दुहेरी, घट्ट. मग तो कागद पुन्हा काढला आणि वेळा वाचल्या. या वेळी एका ओळीवर तो बराच वेळ थांबला.

साडेतीन वाजता त्यानं तिघांना औषधालयात बोलावलं आणि दार लावून घेतलं. वागळे स्टुलावर बसले. कुशाबा भिंतीला टेकून उभा. ललिता सिस्टर टेबलापाशी, हात पुढं बांधून. टेबलावर पेटी, दोरा आणि कागद.

"डॉक्टर, तुम्ही म्हणालात पाणी कुशाबाचं. खरं आहे. पण ते पाणी दर बुधवारी थिएटरात आणि वॉर्डात जातं. कुणीही घेऊ शकतं. लेबलं मात्र कांजीनं लावली आहेत. कुशाबाच्या हाताशी डिंक असतो. तो कांजी शिजवत बसणार नाही."

"कांजी कुणाच्याही घरी असते," वागळे म्हणाले.

"असते. म्हणून हा दोरा पाहा. मी बांधलेली गाठ एका ओढीत सुटते. ही सुटली नाही. मी गेल्यावर कुणीतरी पेटी उघडून पुन्हा बांधली. ही गाठ कुठली, ते मी तुम्हाला सांगायला नको."

वागळ्यांनी दोरा हातात घेतला. "रक्तवाहिनी बांधायची."

"ती थिएटरातल्या माणसाच्या बोटांत बसलेली असते. न पाहता पडते. आणि पेटीच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. म्हणजे तुम्ही किंवा सिस्टर."

वागळ्यांनी दोरा टेबलावर परत ठेवला.

"आता कुप्यांची जागा. बदलणाऱ्यानं दहा बदलल्या, दोन खऱ्या ठेवल्या. उजव्या टोकाला. त्याला माणूस मारायचा नव्हता. वेळ आली तर पहिल्या दोन कुप्या खऱ्या मिळाव्यात अशी त्याची सोय होती. उजवा हात आधी उजव्या टोकाला जातो हे तो धरून चालला. घंटा वाजून मी जिना चढेपर्यंत पहिली कुपी त्याच्याच हातात असणार होती. पण आज मी आधीच थिएटरात होतो. आणि मी डावीकडून घेतो. जुनी कुपी त्या टोकाला, ती आधी."

वागळ्यांनी पेटी जवळ ओढून उजवं टोक पाहिलं.

"तरीही तुम्ही दोघं उरता," गमरे म्हणाला. त्यानं कागद पुढं सरकवला. "म्हणून ही ओळ. अकरा तेरा, सिस्टर बाहेर. पहिली कुपी देऊन एकच मिनिट झालं होतं. पेटीत अकरा कुप्या शिल्लक होत्या. सगळ्यांना दिसत होत्या. डॉक्टरांनी काही मागितलं नव्हतं, मीही नाही. मग वॉर्डातून ॲड्रिनलिन आणायला कोण धावेल? पेटीत काय आहे ते ज्याला ठाऊक आहे, तोच. डॉक्टरांना ठाऊक असतं तर त्यांनी माझ्याकडून दुसरी कुपी हृदयात घेतली नसती. तुम्ही गेलात, सिस्टर. आणि बाहेरच सिरिंज भरून आणलीत. ती मी पेटीतून भरू नये म्हणून."

ललिता सिस्टरांनी पुढं बांधलेले हात सोडले.

"मंगळवारी एक गेला," त्या म्हणाल्या. आवाज साधा होता, वॉर्डात ताप सांगतात तसा. "माझ्या खोलीत. चौघं होते. पोलिसांच्या भीतीनं इथं यायला तयार नव्हते. त्याचं हृदय माझ्यासमोर थांबलं आणि माझ्या हातात काही नव्हतं. काहीच नाही. मी त्याच्या छातीवर नुसते हात ठेवून बसले."

"दहा कशाला घेतल्यात?" वागळ्यांनी विचारलं.

"भीती मोजून घेते का, डॉक्टर?"

"मागायच्या होत्या."

"तुमच्याकडं मागितल्या असत्या तर तुम्ही विचारलं असतं, कुणासाठी? गमरेंकडं मागितल्या असत्या तर..." त्या थांबल्या. "नुसत्या उचलल्या असत्या तर गुरुवारी कमी भरल्या असत्या. राधाबाईचं काय झालं ते मी पाहिलंय. बारा भरल्या की गमरे पुढं बघत नाहीत, हे सगळ्या इस्पितळाला माहीत आहे."

गमरेला ते लागलं. पण त्याला अजून एक विचारायचं होतं आणि त्याचं उत्तर त्याला नको होतं.

"कोंडीराम तुमच्याच खोलीतला?"

"हो. मीच त्याला शेजाऱ्यांकडून पाठवला. म्हटलं, पाय जाईल."

"मी पहिली कुपी डावीकडून उचलली, तेव्हा तुम्ही समोर होतात."

"हो."

"तीन शब्द होते, सिस्टर. उजवीकडची घ्या, गमरे. एवढंच."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं; नुसतं पाहत होत्या. "तोंड उघडलं होतं मी. शब्द आला नाही. पाय मात्र धावले."

वागळे उठले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. "त्या दहा कुप्या. वापरल्या किती?"

"एकही नाही. तांदळाच्या डब्यात आहेत. कुणाला लागल्याच नाहीत."

मग कुशाबानं खुंटीवरची टोपी काढली.

"किल्ली देवा, बाय," तो म्हणाला. "मी जातंय. म्हाताऱ्याक कोण गोळी घालता?"

गमरेनं त्याच्या दंडाला इस्पितळाची लाल क्रॉसची पट्टी बांधली. ओसरीवरच्या इन्स्पेक्टरनं म्हाताऱ्याला हटकलं तेव्हा वागळ्यांनी वरूनच सांगितलं, औषध आणायला चाललाय. ते खोटं नव्हतं.

पाऊण तास गमरे खिडकीत उभा होता. लालबागच्या बाजूनं दोनदा बार वाजले. दुसऱ्या खेपेला त्याच्या मागं कुणीतरी जोरात श्वास घेतला. ललिता सिस्टर तिथं कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नव्हतं.

चार बत्तीसला कुशाबा फाटकातून आत आला. धोतर गुडघ्यापाशी फाटलेलं, चपला नव्हत्या. डब्यात तांदूळ तसेच होते आणि त्यांत दहा कुप्या, लेबलांशिवाय. गमरेनं एकेक कुपी हातात घेतली, टोक पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. दहाही गोल. एक फोडून थेंब टाकला. हिरवा.

रखमाचं ऑपरेशन पाच वाजता सुरू झालं आणि सहा वाजता संपलं. पेटी उघडावी लागली नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता गमरे अहवाल लिहून घेऊन वागळ्यांकडं गेला. वागळ्यांनी वाचला, ठेवला, पुन्हा उचलला.

"कोंडीराम जागा झाला तर हा कागद बाहेर जायची गरज नाही," ते म्हणाले. "इस्पितळाच्या आतला मामला म्हणून मिटवता येईल. नाही जागा झाला, तर मनुष्यवध आहे. थांबा अजून दोन तास."

"थांबतो. पण मजकूर तोच राहील, डॉक्टर. तो जगला म्हणून अकरा बाराला औषध दिलं असं मी लिहू शकत नाही. पाणी दिलं."

अहवालात वेळा होत्या, गाठ होती, कांजी होती, नाव होतं. लालबागच्या खोलीचा पत्ता नव्हता. तो विचारला गेला नव्हता, असं गमरेचं म्हणणं. आणखी एक परिच्छेद होता. त्यात गमरेनं लिहिलं होतं की गुरुवारची मोजणी आपण झाकण न उघडता केली, शुक्रवारी दोन कुप्यांची टोकं न पाहता मोडली, आणि गेल्या दिवाळीत राधाबाई या आयाविरुद्ध केलेली तक्रारही अशाच मोजणीवर केली होती, ती फेरतपासावी. खाली त्याची सही होती. सहीशेजारी, निळ्या शाईत, ललिता सामंत यांची.

नऊ पंधराला वॉर्डातून निरोप आला. दोघंही गेले. ललिता सिस्टर खाटेच्या पायाशी उभ्या होत्या, पाठ भिंतीला लावून. सुंदराबाई रात्रभर नवऱ्याशी बोलत होती. आवाज घोगरा झाला होता. गावचं सांगत होती, पोरांचं सांगत होती, शेजारणीनं मासळी वाळत घातली ती मांजरानं नेली ते सांगत होती. मांजराचं ऐकताना, ती म्हणाली, त्यानं बोटं हलवली.

"कुठल्या हाताची?" वागळ्यांनी विचारलं.

"उजव्या."

वागळ्यांनी कोंडीरामच्या पापण्या उचलल्या, बॅटरीचा उजेड टाकला, हाताची बोटं आपल्या मुठीत घेतली. "कोंडीराम, दाब," ते म्हणाले. सगळे त्या मुठीकडं पाहत होते. गमरेनं घड्याळ पाहिलं आणि कागद काढला.

९.२१ उजव्या हाताची बोटं हलली. सांगितल्यावरून की आपोआप, सांगता येत नाही. डोळे उघडलेले नाहीत.

खाली ओसरीवर इन्स्पेक्टरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दहा वाजायला अजून एकोणचाळीस मिनिटं होती.